श्राव्यातीत यंत्रणातील अनेक उद्दिष्टांचा मेळ

काच, क्वार्ट्झ, सिलिकॉन, फेराइट, ॲल्युमिना यांसारखे पदार्थ कठीण असून ठिसूळही आहेत. त्यांत नेहमीच्या ड्रिलने छिद्र पाडू गेल्यास एक तर ड्रिलची धार जाते, नाही तर काम तडकते. विद्युत्-ठिणग्यांनी धातू कोरण्याची पद्धती येथे उपयोगी पडत नाही. कारण तिला काम विद्युत्-संवाहक असावे लागते आणि काच तशी नाही. अशा पदार्थांसाठी श्राव्यातीत कंपनांनी यंत्रण करण्याची रीत १९४० नंतरच्या दशकात लुईस बालामुथ यांच्या एकस्वामुळे उद्योगाच्या क्षेत्रात आली. ही रीत आता जुनी झाली असली, तरी तिच्यावरील संशोधन थांबलेले नाही. मात्र गेल्या काही दशकांत त्याचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी ‘द्रव्य किती वेगाने निघते?’ हा एकच प्रश्न मुख्य असे. आता वेग, पृष्ठाचा खडबडीतपणा, हत्याराची झीज आणि छिद्राची अचूकता यांचे एकाच वेळी इष्टतमीकरण करण्याकडे अभ्यासकांचा ओढा आहे. या इष्टतमीकरणाचा नेमका अर्थ काय, आणि त्यात गणिताचा भाग कोठे संपतो व निर्णयाचा कोठे सुरू होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम यंत्राचे कार्य थोडक्यात पाहू. सुमारे २०,००० हर्ट्झ कंप्रतेचा विद्युत्-प्रवाह ऊर्जापरिवर्तकास पुरविला जातो. पूर्वी हा परिवर्तक निकेलच्या पत्र्यांचा असून चुंबकीय क्षेत्रामुळे होणाऱ्या त्याच्या आकुंचन-प्रसरणाचा उपयोग केला जाई. पुढे दाबविद्युत् गुणधर्म असलेल्या मृत्तिका-पदार्थांनी त्याची जागा बहुतांशी घेतली. परिवर्तकाचे कंपन अवघे काही मायक्रॉन असते. निमुळत्या हॉर्नमधून जाताना ते वाढते व टोकाशी बसविलेल्या हत्यारापर्यंत पोहोचते. पोलादातील ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ५,००० मीटर धरला, तर या कंप्रतेस तरंगलांबी २५ सेंटिमीटर व अर्धी तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर येते. हॉर्नची लांबी याच हिशेबाने ठरवावी लागते, आणि हत्यार झिजून आखूड झाले की सगळ्या जुळणीचे अनुस्पंदन ढळू लागते. ही बाब पुढे उपयोगी पडणार आहे.

हत्यार व काम यांच्या मधून अपघर्षक कणांची पाण्यातील राबडी सतत वाहती ठेवतात. कण बोरॉन कार्बाइड, सिलिकॉन कार्बाइड अथवा ॲल्युमिना यांचे असतात. हत्याराचा कंपविस्तार २५ मायक्रॉन मानला, तर त्याचा कमाल वेग सेकंदास तीन मीटरांहून थोडा अधिक भरतो. हा वेग तर चालत्या सायकलीपेक्षाही कमी! परंतु त्याच कंपनातील कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ४०,००० पट असते. द्रव्य निघते ते प्रामुख्याने या धक्क्यांमुळे. हत्यार खाली येताना मधल्या कणावर आघात करते, कण कामात रुततो, आणि ठिसूळ पृष्ठावर सूक्ष्म भेगा पडून कपचा उडतो. दर सेकंदास वीस हजार वेळा, हत्याराखालील असंख्य कणांच्या ठिकाणी, हेच घडते.

येथे विद्यार्थ्यांच्या मनात एक शंका हमखास उद्भवते. कण कामात रुततो, तसा तो हत्यारातही रुतणारच. मग साध्या पोलादाचे वा पितळेचे मऊ हत्यार काचेपेक्षा आधी का संपत नाही? कारण असे की, मऊ व चिवट धातूत खळगा पडतो खरा, पण त्यातून द्रव्य सुटून जात नाही. धातू बाजूस सरकतो इतकेच. काचेत मात्र खळग्याभोवतीची भेग द्रव्य सोडवून टाकते. तरीही झीज होतेच, आणि ती हत्याराच्या कडांशी विशेष दिसते.

आता उद्दिष्टे पाहू. द्रव्यनिष्कासनाचा वेग अधिकाधिक हवा. खडबडीतपणा व हत्याराची झीज किमान हवी. छिद्र हत्यारापेक्षा मोठे पडते, कारण बाजूच्या फटीतूनही कण वाहतात. हे जादा रुंदावणे कमी हवे, त्याचप्रमाणे खोलीबरोबर छिद्र निमुळते होणेही कमी हवे. छिद्र आरपार जाताना खालच्या तोंडाशी टवके उडतात, तेही नकोत. या सर्व परिणामांचा उगम एकच आहे : कणावर बसणारा आघात. आघात मोठा केला तर कपचा मोठा उडतो आणि वेग वाढतो; पण मोठा कपचा म्हणजेच खोल खळगा, अर्थात खडबडीत पृष्ठ. उद्दिष्टांमधील हा विरोध प्रक्रियेच्या अंगचाच आहे. सदोष यंत्रामुळे तो उद्भवलेला नाही.

या विरोधाचे मोजमाप घेण्यास मिल्टन शॉ यांनी १९५६ मध्ये मांडलेले प्रतिमान अजूनही उत्तम आहे. त्याची मांडणी सोपी आहे. हत्यारावरील स्थिर प्रेरणा ही सर्व आघातांची कालानुसार सरासरी असते; तीवरून कमाल आघात काढता येतो; हत्याराखालील कणांची संख्या राबडीच्या घनतेच्या समप्रमाणात व कणव्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते; आणि कण किती रुतेल हे कामाच्या कठिनतेवरून ठरते. या गृहीतांवरून द्रव्यनिष्कासनाचा वेग स्थिर प्रेरणेच्या पाऊण घातास, कंपविस्ताराच्या पाऊण घातास, राबडीतील कणांच्या प्रमाणाच्या पाव घातास, आणि कणव्यास व कंप्रता यांच्या पहिल्या घातास समप्रमाणात येतो. कामाची कठिनता व्यस्त पाऊण घाताने येते. त्याच मांडणीत खळग्याची खोली मात्र प्रेरणा व कंपविस्तार यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाबरोबर वाढते आणि राबडीच्या घनतेच्या वर्गमुळाबरोबर घटते.

ही दोन सूत्रे शेजारी ठेवून पाहावीत. बहुतेक प्रबंधांत ही पायरी ओलांडून एकदम संगणकाकडे धाव घेतलेली आढळते, आणि ती माझ्या मते मोठी चूक आहे. राबडी दाट केली तर वेग वाढतो आणि खळगा उथळही होतो. दोन्ही उद्दिष्टे एकाच दिशेने सुधारतात. कंप्रता वाढविली तर वेग वाढतो व खोलीवर परिणाम होत नाही. म्हणजे या दोन चलांच्या बाबतीत तडजोडीचा प्रश्नच नाही. ते जाऊ देतील तितके वर न्यावेत. राबडीची मर्यादा तिच्या वाहण्याने पडते : फार दाट राबडी फटीत शिरत नाही, व खोल छिद्रात तर मुळीच नाही. कंप्रतेची मर्यादा यंत्राच्या अनुस्पंदनाने आधीच घालून दिलेली असते. खरी ओढाताण उरते ती प्रेरणा, कंपविस्तार आणि कणव्यास या तीन चलांत. पाच चलांचा प्रश्न तीनवर आला, हा काही लहान लाभ नव्हे.

कणव्यासाची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. वर दिलेली सूत्रे एका विशेष गृहीतावर उभी आहेत. कण गुळगुळीत गोळा नसतो, त्यावर टोकदार उंचवटे असतात, आणि उंचवट्याचा व्यास कणव्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, असे त्यात मानलेले आहे. हे गृहीत सोडून कण म्हणजे साधा गोळाच धरला, तर वेग कणव्यासाच्या पहिल्या घाताऐवजी पाव घातास समप्रमाणात येतो, आणि खळग्याची खोली, जी आधी कणव्यासावर अवलंबून नव्हती, ती आता त्याच्या वर्गमुळाबरोबर वाढते. आता समजा, खळग्याची खोली ठराविक राखून वेग जास्तीत जास्त करावयाचा आहे. गोळ्याचे प्रतिमान सांगते की कण बारीक घ्या आणि प्रेरणा वाढवा. कणव्यास चौथाई केला व प्रेरणा चौपट केली, तर खोली तीच राहून वेग दुप्पट होईल. उंचवट्यांचे प्रतिमान याच्या नेमके उलट सांगते : प्रेरणेस हात लावू नका, कण जाडे घ्या. दोन्ही प्रतिमानांत तर्कदोष नाही. फक्त कणाच्या आकाराविषयीचे एक गृहीत निराळे आहे.

प्रयोगांचा कौल कोणाकडे? जाड्या कणांनी वेग झपाट्याने वाढतो, हे दुसऱ्या प्रतिमानास अनुकूल आहे. पण जाड्या कणांनी पृष्ठ खडबडीत होते, हेही कारखान्यातील प्रत्येक कारागिरास ठाऊक आहे; आणि खळग्याची खोली हेच खडबडीतपणाचे माप धरले, तर दुसऱ्या प्रतिमानातून ते निघत नाही. एका उद्दिष्टासाठी पुरेसे असलेले सूत्र दोन उद्दिष्टांसाठी पुरेसे असतेच असे नाही, ही गोष्ट अनेक-उद्दिष्ट अभ्यासात सर्वांत कमी बोलली जाते. वेगाच्या आकड्यांशी जुळते म्हणून स्वीकारलेले प्रतिमान खडबडीतपणाबाबत चुकीची दिशा दाखवीत असेल, तर त्यावर चालविलेली गणनपद्धती कितीही सूक्ष्म असो, ती आपणास अचूकपणे चुकीच्या जागी नेऊन पोहोचविते.

शिवाय या प्रतिमानास आणखी एक मर्यादा आहे. त्यानुसार प्रेरणा वाढवावी तसा वेग वाढतच जावा. प्रत्यक्षात एका मर्यादेनंतर तो घटतो : कण चिरडतात, फट मिटते, ताजी राबडी आत येत नाही. कण कंपविस्ताराच्या मानाने फार जाडे झाले तरीही असेच होते. म्हणून आलेखास शिखर असते, आणि इष्टतम मांडणीचा शोध बहुधा याच शिखराच्या आसपास चालतो. म्हणजे सूत्र जेथे निरुपयोगी ठरते, नेमके तेथेच.

आता ‘अनेक उद्दिष्टांचे इष्टतम’ या शब्दप्रयोगाकडे वळू. एकच उद्दिष्ट असता कोणत्याही दोन मांडण्यांपैकी सरस कोणती हे निर्विवाद सांगता येते. दोन उद्दिष्टे आली की ती सोय राहत नाही. एक मांडणी वेगात पुढे व दुसरी पृष्ठात पुढे असेल, तर त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविणे गणिताच्या अधिकाराबाहेरचे आहे. गणित इतकेच सांगू शकते की, एखादी मांडणी दुसरीपेक्षा कोणत्याच बाबतीत सरस नसून निदान एका बाबतीत हीन असेल, तर ती पराभूत समजून टाकून द्यावी. उरतात त्या अपराभूत मांडण्या. ही कल्पना मुळात अर्थशास्त्रातील आहे. एजवर्थ यांच्या १८८१ च्या व पॅरेटो यांच्या १८९६ च्या ग्रंथांतून ती पुढे आली, आणि कून व टकर यांनी १९५१ मध्ये अरेखीय प्रायोजनावरील आपल्या निबंधात तिला गणिती रूप दिले. अपराभूत मांडण्यांची ही पॅरेटो-सीमा हेच अनेक-उद्दिष्ट प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर होय. तिच्यावरील एक बिंदू निवडणे हा निर्णय आहे, आणि तो निर्णय छिद्र कशासाठी पाडावयाचे आहे यावर अवलंबून राहणार.

प्रचलित संशोधनात मात्र हा निर्णय बहुधा दृष्टीआड केला जातो. प्रत्येक उद्दिष्टाचे मूल्य शून्य ते एक या पट्टीवर आणावयाचे, त्यास महत्त्वांक द्यावयाचे, बेरीज करावयाची, आणि जिची बेरीज अधिक ती मांडणी ‘इष्टतम’ म्हणून जाहीर करावयाची, असा हा परिपाठ आहे. डेंग जुलाँग यांच्या १९८२ पासूनच्या धूसर-प्रणाली विचारातून निघालेली संबंधांकाची पद्धती, डेरिंजर व सुईच यांचे १९८० चे वांछनीयता-फलन, ह्वांग व यून यांची १९८१ ची आदर्श बिंदूपासून अंतर मोजण्याची पद्धती, या सर्वांचे तपशील वेगळे असले तरी अनेक उद्दिष्टांचा एकच आकडा बनविणे हा त्यांचा समान गाभा आहे. तिन्ही पद्धती उपयुक्त आहेत. परंतु त्यांपैकी काहींत जो धोका दडलेला आहे, तो एका कल्पित उदाहरणाने दाखवितो.

क, ख, ग अशा तीन मांडण्या घेऊ. द्रव्यनिष्कासनाचे वेग मिनिटास अनुक्रमे ४, ६ व ३ घन मिलिमीटर, आणि खडबडीतपणा अनुक्रमे ०.८, १.४ व १.० मायक्रॉन. ग ही क कडून उघडच पराभूत आहे. पट्टी लहानात लहान व मोठ्यात मोठ्या मूल्यांवरून आखली, तर वेगाचे गुण क ला ०.३३, ख ला १, ग ला ०. आणि पृष्ठाचे गुण क ला १, ख ला ०, ग ला ०.६७. दोन्ही उद्दिष्टांस समान महत्त्व दिल्यास सरासरी क ची ०.६७ व ख ची ०.५० येते, क विजयी. आता चौथा प्रयोग घ केला, आणि तो अगदीच बिघडला : वेग ३.५ व खडबडीतपणा २.४. अशी मांडणी कोणीही निवडणार नाही. क व ख या दोघींकडूनही ती पराभूत आहे. पण पृष्ठाची पट्टी आता ०.८ पासून २.४ पर्यंत ताणली गेली. ख चे पृष्ठगुण ० वरून ०.६२५ वर चढले, तिची सरासरी ०.८१ झाली, आणि क ०.६७ वरच राहिली. ख विजयी! क व ख यांच्यात तसूभरही बदल झालेला नाही. महत्त्वांकही तेच आहेत. एका टाकाऊ प्रयोगाने निकाल फिरविला. धूसर-संबंधांकाच्या पद्धतीतही आकडे आरंभी याच तऱ्हेने पट्टीवर आणले जात असल्याने तीही या दोषापासून मुक्त नाही. पट्टीची टोके प्रयोगांतून आपोआप येऊ न देता उपयोगावरून आधीच ठरविली, म्हणजे ‘०.८ पेक्षा गुळगुळीत पृष्ठाचे आम्हास मोल नाही व २.० पलीकडचे काम आम्ही घेणार नाही’ असे आधीच लिहून ठेवले, तर हा दोष टळतो. डेरिंजर-सुईच पद्धतीत अशा सीमा अभ्यासकाने स्वतः घालावयाच्या असतात, म्हणून ती मला अधिक पसंत आहे.

महत्त्वांकांच्या बेरजेत दुसरीही एक अडचण आहे. समजा, शून्य-एक पट्टीवर तीन अपराभूत मांडण्यांचे गुण (१, ०), (०.४, ०.४) व (०, १) असे आहेत. मधल्या मांडणीची बेरीज कोणत्याही महत्त्वांकांनी ०.४ च राहील. उलट दोन टोकांपैकी एकीची बेरीज नेहमी निदान ०.५ असणार. अर्थात दोन्ही बाजूंनी बेताची असलेली मांडणी या पद्धतीने कधीच हाती लागत नाही, महत्त्वांक कितीही बदलून पाहिले तरी. पॅरेटो-सीमा आत वळलेली असली की असे घडते, आणि ती तशी वळलेली नाही हे आधी कोणास ठाऊक असते?

प्रयोगांच्या आखणीविषयी दोन शब्द. लंबकोनी सारण्यांचा या क्षेत्रात सुळसुळाट आहे. त्यांचा गणिती पाया सी. आर. राव यांनी १९४७ मध्ये घातला; पुढे गेनिची तागुची यांनी त्यांना कारखान्यात प्रतिष्ठा मिळवून दिली. हेच तागुची १९५४-५५ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत अभ्यागत प्राध्यापक होते, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. नऊ प्रयोगांच्या सारणीत तीन पातळ्यांचे चार चल बसविले, तर आठही स्वातंत्र्यांक चलांतच खर्ची पडतात. प्रायोगिक त्रुटी मोजण्यास काही उरत नाही. चलांचा परस्परप्रभाव तर मुख्य प्रभावांतच मिसळून जातो. वर पाहिलेले सूत्र गुणाकाराचे असल्याने लॉगरिथम घेतल्यास ते बेरजेचे होते व परस्परप्रभाव नाहीसा होतो. तागुचींचे संकेत-गोंगाट गुणोत्तर लॉगरिथमीय असल्याने तेवढ्या क्षेत्रात सारणी निभावून नेते. पण शिखराजवळ तसे राहत नाही. कोणत्या प्रेरणेस कण चिरडतील हे कंपविस्तारावर व कणांच्या संख्येवरही अवलंबून असते. तेथे बॉक्स व विल्सन यांनी १९५१ मध्ये दाखविलेल्या प्रतिसाद-पृष्ठाच्या मार्गाने, मधल्या बिंदूची पुनरावृत्ती करीत, वर्गपदे व गुणाकारपदे काढणेच युक्त होय.

एकदा विश्वसनीय सूत्रे हाती आली की पॅरेटो-सीमा काढणे फारसे अवघड नाही. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत कल्याणमय देब व त्यांचे सहकारी यांनी विकसित करून २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली एनएसजीए-२ ही उत्क्रांती-पद्धती जगभर वापरली जाते. तीत मांडण्यांचा एक समूहच पिढ्यान्‌पिढ्या सुधारत नेतात. अपराभूतांस अग्रक्रम मिळतो आणि सीमेवर गर्दी टाळून बिंदू पसरलेले राखले जातात. सीमा आत वळलेली असली तरी तीस अडचण पडत नाही. श्राव्यातीत यंत्रणास मात्र दोन-तीनच खरे चल असल्याने, समान अंतरांची जाळी घेऊन सरळ गणना केली तरी सीमा मिळते. एवढ्या कामास मोठी यंत्रणा राबविण्याची निकड नसते.

व्यवहारात बरीच उद्दिष्टे मुळात उद्दिष्टे नसून मर्यादा असतात, हेही ध्यानात घ्यावयास हवे. कामाच्या आराखड्यावर खडबडीतपणाची कमाल मर्यादा व व्यासाची सूट छापलेली असते. त्यापेक्षा सरस पृष्ठाचे कोणी जादा पैसे देत नाही. मग खडबडीतपणास महत्त्वांक कशासाठी द्यावयाचा? मर्यादा पाळून वेग महत्तम करावा, इतकाच प्रश्न उरतो. जैन, जैन व देब यांनी २००७ मध्ये याच रीतीने, खडबडीतपणाची मर्यादा घालून, या प्रक्रियेचा प्रश्न मांडला आहे. खालच्या तोंडाचे टवके काचेखाली मेणाने दुसरी काच चिकटवून बरेच टाळता येतात. त्यासाठी इष्टतमीकरण नको. मर्यादा थोडी सैल वा घट्ट केल्यास वेग किती बदलतो, हे क्रमाने काढीत गेल्यास पॅरेटो-सीमाच तयार होते, आणि ग्राहकाशी बोलताना तोच आकडा उपयोगी पडतो.

हत्याराच्या झिजेची गोष्ट वेगळी. ती मर्यादा नव्हे आणि स्वतंत्र उद्दिष्टही नव्हे; तिचे रूपांतर वेळेत करता येते. हत्यार झिजले की बदलावे लागते, जुळणी पुन्हा अनुस्पंदनावर आणावी लागते, आणि तोवर यंत्र थांबते. एका हत्यारात किती छिद्रे होतात व बदलण्यास किती मिनिटे लागतात हे मोजले, तर प्रत्येक छिद्राच्या वेळेत तो वाटा मिळविता येतो. तसे केल्यावर उघडा वेग ज्या प्रेरणेस सर्वाधिक दिसतो, तीपेक्षा काहीशी कमी प्रेरणा सरस ठरण्याचा संभव असतो. कारण शिखरापाशी वेगाचा आलेख जवळजवळ सपाट असतो, झिजेचा मात्र चढताच असू शकतो. म्हणून वेगाच्या शिखराच्या अलीकडे, प्रेरणेच्या दोन-तीन पातळ्यांवर, एकाच हत्याराने छिद्रांची सलग मालिका पाडून पाहणे आवश्यक आहे. पहिल्या छिद्राचे आकडे व विसाव्या छिद्राचे आकडे सारखे येतीलच असे नाही, आणि सारणीतील प्रयोग बहुधा नव्या हत्याराने केलेले असतात.